चार दिवस बेटावर जायचंय

माझा मामा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर वेगळे आणि मामा वेगळा, हे आधी सांगून टाकते, कारण लोक त्याला रस्त्यात गाठून आ करून दाखवतात आणि तो बिचारा नको नको म्हणत मागे सरकतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. तो ठसा मागच्या खोलीत मामाकडे येतो. मामा त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करतो, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतो, मेणात एकेक दात रोवतो, आणि आठ-दहा दिवसांनी कुणीतरी बोळक्या तोंडाचे आजोबा पुन्हा सफरचंद चावायला लागतात. त्या आजोबांना मामाने बहुतेक कधी पाहिलेलंही नसतं.

त्याच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. भिंतीला फळ्या ठोकल्यात आणि त्यांवर ओळीने पांढरे जबडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. जबडा बघून मामा माणूस सांगतो. "ह्या बाई झोपेत दात खातात. ह्यांच्या मनात काहीतरी साठलंय." किंवा, "हा गृहस्थ एकाच बाजूने चावतो. हट्टी असणार." खरं असतं की नाही देव जाणे, पण सांगतो मात्र अशा थाटात, की पटतंच.

गंमत म्हणजे मामीचा जबडा त्याने आधी पाहिला आणि मामी नंतर. ती तेव्हा तेवीस वर्षांची होती, सायकलवरून पडून तिचा पुढचा दात तुटला होता. मामा नवीनच कामाला लागला होता. त्या एका दाताचा रंग जुळवायला त्याने चार वेळा दात बदलला, आणि शेवटी डॉक्टरांना म्हणाला, "पेशंटला उजेडात बघितल्याशिवाय जमणार नाही." डॉक्टर अजून सांगतात, की रंग पहिल्याच वेळी जुळला होता.

दिवसभर पंचवीस-तीस जबडे समोर असतात आणि त्यातला एकही बोलत नाही. त्यामुळे संध्याकाळी घरी आलेला मामा म्हणजे फुटलेलं धरण. कोणाचा सुळा कसा वाकडा होता, मेण आज का मऊ राहिलं, डॉक्टर काय म्हणाले, त्यावर आपण काय म्हणालो, आणि काय म्हणायला हवं होतं. मामी ऐकते. ऐकायची तिला सवयच आहे. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसते. सव्वीस वर्षं. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, पाणी शेजाऱ्यांना आहे आणि आम्हाला नाही. हेडफोनच्या पट्टीने तिच्या केसांत एक कायमचा वळ पडलाय, कसेही विंचरले तरी जात नाही.

मी त्यांची भाची. दवाखान्याच्या इमारतीत खाली माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गुरुवारी मी दुकान लवकर बंद करते आणि जेवायला त्यांच्याकडे जाते. म्हणून ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं.

मामा कुठल्यातरी दाढेची हकीकत सांगत होता. मामी ताटं मांडत होती. मध्येच ती म्हणाली, "चार दिवस बेटावर जायचंय."

मामा थांबला. कितीतरी वर्षांत त्याला वाक्याच्या मध्ये थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कुठल्या बेटावर?"

मामीने कपाटावरून एक फोटो काढून दिला. तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई निवृत्त झाली होती, तिने पाठवलेला. वाळू, पाणी, तीन नारळाची झाडं. मामाने फोटो उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"यात माणूसच नाही."

"हो ना," मामी म्हणाली.

मामाने फोटो टेबलावर ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "मग जायचंच! ठरलं."

"खरंच? तुम्हाला चालेल?"

"न चालायला काय झालं? तू काही बघू नकोस. बोट, राहणं, सगळं मी बघतो."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचा हात धरला, चक्क माझ्यासमोर. मी आपली पाण्याच्या ग्लासात बघायला लागले. मला वाटलं, एवढंसं ऐकून किती खूश झाली ही. तिला नेमकं काय ऐकू आलं होतं, ते कळायला पुढे एक महिना गेला.

दुसऱ्या दिवसापासून मामा जेवणाच्या सुट्टीत माझ्या काउंटरवर. भुवयांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, खिशात पेन्सिल. आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटरवर बेट शोधायला लागलो आणि सुरुवातीलाच तोंडघशी पडलो. बेटं दोन होती. मोठ्यावर हॉटेलं, बाजार, भाड्याच्या मोटारी. छोट्यावर एकच लॉज, आठ खोल्यांचं. लोक दोघांनाही नुसतं 'बेट' म्हणतात. मामाने दोन दिवस मोठ्या बेटाची माहिती छापून नेली, नकाशावर पेन्सिलीने खुणा केल्या, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की नारळाची ती तीन झाडं छोट्यावर आहेत.

छोट्यावर जाणारी बोट आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी. किती वाजता, ते मात्र कुणी सांगेना. मामाने धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीला फोन लावला.

"शनिवारची बोट किती वाजता सुटते?"

"पाणी आल्यावर," खिडकीतली बाई म्हणाली.

"पाणी किती वाजता येतं?"

"रोज वेगळं. तक्ता बघा."

म्हणजे भरती-ओहोटीचा तक्ता. तो मी छापून दिला. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते हे समजून घ्यायला मामाला एक अख्खी दुपार लागली. समजल्यावर त्याला इतका आनंद झाला, की वर डॉक्टरांना जाऊन सांगून आला, एका पेशंटलाही सांगितलं, आणि मग लक्षात आलं की आपण तक्ता गेल्या महिन्याचा बघत होतो.

पण जिद्द बघा. जो माणूस अर्ध्या मिलिमीटरसाठी दात काढून पुन्हा बसवतो, तो भरतीला सोडेल होय? वहीत त्याने रकाने आखले. रोज घरी जाऊन मामीला नवं काहीतरी सांगायचा. मी गुरुवारी ऐकलंय ना: "शनिवारचीच बोट धरायची, बुधवारी परत यायचं. खोली मागच्या बाजूची घ्यायची, पुढच्या बाजूला वारा फार. पायात जुन्या चपला घालायच्या, बोटीतून उतरताना गुडघाभर पाणी असतं." मामी मान डोलवायची आणि म्हणायची, "किती बारीक विचार करता हो." मामा फुलून यायचा.

तीन आठवडे असे गेले. एका सोमवारी तो फोन करायला माझ्याकडे आला. दवाखान्यातून खाजगी फोन केलेला डॉक्टरांना आवडत नाही. त्याने लॉजला फोन लावला. लॉज चालवणारी बाई खणखणीत आवाजाची, मला पलीकडे ऐकू येत होतं.

"दोघांसाठी खोली हवीय," मामा म्हणाला. "एकवीस तारखेच्या शनिवारपासून बुधवारपर्यंत. मागच्या बाजूची."

"मागची एकच होती, ती गेली. नंबर सांगून ठेवा, कोणी रद्द केली तर कळवीन."

मामाने घरचा नंबर सांगितला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"अहो, हा नंबर आहे की माझ्या वहीत. ह्याच नंबरच्या बाईंनी तर घेतलीय मागची खोली. त्याच तारखा."

मामा हसला. "आमच्या घरातूनच! बघा, मला पत्ताच नाही. बरं मग झालंच काम. दोघांची लिहून टाका."

"दोघांची नाही, एकटीची घेतलीय. लहान खोली आहे, एक खाट."

"काहीतरी चूक झाली असेल."

"मी दोनदा विचारलं होतं त्यांना. एकटीच येणार म्हणाल्या."

मामाने फोन ठेवला. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात, तसंच तोंड झालं होतं त्याचं. काउंटरवर एक कॉलेजची मुलगी अठ्ठावन्न पानं घेऊन उभी होती, मामा तिला म्हणाला, "एकटीच?" ती घाबरून म्हणाली, "हो, मैत्रीण बाहेर उभी आहे."

मी त्याला आतल्या स्टुलावर बसवलं. चहा दिला. त्याने तो तसाच हातात धरून ठेवला.

"तिला वाटलं असेल आपण दुसरी खोली घेऊ," तो म्हणाला. जरा वेळाने, "मला घोरायची सवय आहे. म्हणून वेगळी खोली घेतली असेल." मग, "की ती काहीतरी गंमत करतेय? आयत्या वेळी सांगणार?" मग एकदम बारीक आवाजात, "ती आजारी तर नाही ना? माणसं असं करतात. कुणाला न सांगता."

"मामा, तिला विचार ना सरळ."

"काय विचारू?"

"हेच. एकटीची खोली का घेतली म्हणून."

"आणि विचारलं, आणि तिने सांगितलं तर?"

मी त्या मुलीची अठ्ठावन्न पानं मशीनला लावली.

नऊ दिवस त्याने तिला विचारलं नाही. नऊ दिवस मामी त्याच्याशी नेहमीसारखीच वागत होती, उलट थोडी जास्तच प्रेमाने, आणि त्यामुळे तर तो आणखी गोंधळला. रागावली असती तर निदान समजलं असतं. एकदा तिचं औषधांचं कपाट त्याने उघडून बघितलं. त्यात कापूस, डोकेदुखीच्या गोळ्या आणि जुनी कात्री. आणि भरतीचा तक्ता तो तसाच रोज बघत होता, रकाने भरत होता, जणू आपण थांबलो तर काहीतरी मोडेल.

कामावर तर कहरच झाला. एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी त्याने बनवली. पुढचा एक दात केसभर पुढे. मास्तरांनी कवळी घातली, डॉक्टरांना 'समाधान' म्हणायला गेले आणि शीळ वाजली. 'सोमवारी' म्हणाले, पुन्हा शीळ. प्रत्येक 'स' ला शीळ. मास्तर आयुष्यभर शुद्ध उच्चार शिकवत आलेले, त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. डॉक्टर मागच्या खोलीत गेले आणि कवळी टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" एकतीस वर्षांत एकही कवळी परत आली नव्हती. मामाने मास्तरांची कवळी नव्याने करून दिली, स्वतः घरी नेऊन दिली, आणि मास्तर 'सशाची शिकार' असं तीन वेळा म्हणेपर्यंत त्यांच्या दारातून हलला नाही.

दहाव्या दिवशी गुरुवार होता. मी जेवायला गेले तर मामा माझ्या आधीच बाहेरून आलेला, हातात मोठी कागदी पिशवी. त्याने काहीतरी मनाशी ठरवलं होतं. पिशवीतून त्याने गवताच्या दोन हॅट काढल्या आणि टेबलावर ठेवल्या, ताटांच्या मध्ये.

मामीने एक उचलली, डोक्यावर घालून बघितली, हसली. मग दुसरीकडे बघितलं. "दोन कशाला?"

"एक तुझी, एक माझी."

"तुम्ही कुठे निघालात?"

"बेटावर."

मामीने हॅट काढली. स्वयंपाकघरात नळ टपटपत होता तो मला ऐकू आला. मला उठून जायचं होतं, पण दार मामाच्या पाठीमागे होतं.

"तुम्ही येताय?" मामी म्हणाली.

"म्हणजे? तूच म्हणालीस ना बेटावर जायचंय."

"मी म्हटलं, मला जायचंय."

"'मला' म्हणाली नाहीस! नुसतं 'जायचंय' म्हणालीस! ही बसली होती इथे, हिला विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नुसतंच 'जायचंय' होतं." खरं तेच होतं, पण त्या क्षणी मला फितूर झाल्यासारखं वाटलं.

"अहो, पण तुम्हीसुद्धा तसंच बोलत होता की!" मामी म्हणाली. "शनिवारची बोट धरायची, मागची खोली घ्यायची, जुन्या चपला घालायच्या. मला वाटलं, मला सांगताय. खोलीचं झालं म्हणूनही सांगितलं मी तुम्हाला. तुम्ही कुठल्याशा सुळ्याबद्दल बोलत होता. आणि ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं, बायकोला एकटीला जायचंय म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने महिनाभर बसून सगळं आखून दिलं. सगळ्याजणी म्हणाल्या, असा नवरा शोधून सापडायचा नाही."

मामा खुर्चीवर बसला. एखाद्याला शाबासकी आणि थप्पड एकाच हाताने मिळावी तसं झालं त्याचं.

"तू रागावलीयस माझ्यावर?"

"नाही हो."

"मी फार बोलतो का?"

"बोलता. पण म्हणून नाही."

"मग कशासाठी?"

"सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का? मलाच नीट कळत नाही. तो फोटो बघितला आणि वाटलं, तिथे जाऊन बसावं. कोणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी." ती हॅटच्या कडेचं निघालेलं गवत आत खोचायला लागली. "यायचं असेल तर या तुम्ही. मी खोली बदलून घेते."

हे शेवटचं वाक्य तिने मनापासून म्हटलं की तोंडदेखलं, यावर मामाने पुढचा आठवडा घालवला. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिला त्याने फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आईला जाऊ द्या ना." मामा म्हणाला, "अगं, मी कुठे अडवतोय? मला फक्त कळत नाहीये." डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आपल्याला हिरड्यांपलीकडचं विचारू नये. मला तर रोजच विचारायचा. जाऊ की नको? ती 'या' म्हणाली ना? पण 'या' म्हणताना तिने बघितलं हॅटकडे, माझ्याकडे नाही. मग त्याचं काय?

शेवटी एक दिवस तो आला आणि म्हणाला, "नाही जात."

"का रे?"

"डॉक्टर पेशंटला कवळी घालून बघतात ना, कधीतरी मलाही बोलावतात. टोचतंय का विचारलं की भला माणूस नाही म्हणतो. पण डोळ्याखाली इथे जरासं आक्रसतं." त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "काल मी म्हटलं, येऊ मग मी? ती 'या ना' म्हणाली. आणि इथे आक्रसलं."

त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितलं, की त्याला ते किती लागलंय हे मला दुकान बंद करताना कळलं.

एकवीस तारखेला तो मामीला धक्क्यापर्यंत सोडायला गेला. बसने दोन तास. तेवढं चालेल म्हणाली होती. सोबत मीही होते, कारण परत येताना मामा एकटा नको, असं मुलीने मला बजावलं होतं. धक्का म्हणजे समुद्रात गेलेला सिमेंटचा लांबट ओटा, टोकाला लोखंडी शिडी. बोट लहान, निळ्या रंगाची, सामानाने अर्धी भरलेली. भरती अगदी मामाच्या रकान्यातल्या वेळेला आली, आणि त्या परिस्थितीतही तो मला कोपर मारून म्हणाला, "बघ."

बोटवाल्याने विचारलं, "दोघं?"

"एक," मामा म्हणाला. आणि मामीची बॅग त्याने स्वतः खाली दिली.

मामी शिडी उतरली. डोक्यावर हॅट, पायात जुन्या चपला. तिने हात हलवला. मामानेही हलवला, मग बोट वळून दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा. मी म्हटलं चल, तर म्हणाला, पाणी उतरायला लागलेलं बघू दे, एवढा अभ्यास केलाय. आम्ही धक्क्यावर तीन तास बसलो. त्याने आपली हॅट घातली होती. पाणी उतरलं, खालचा चिखल उघडा पडला, त्यात एक जुनं टायर निघालं. मामा एक शब्द बोलला नाही. मी बोलत राहिले, कशाबद्दल ते आता आठवतही नाही.

चार दिवस त्याने तिला फोन केला नाही. ती म्हणाली होती, कोणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी जायचंय, तर मग फोन करणं म्हणजे विचारणंच की. असा त्याचा हिशोब. घरी गेल्यावर त्याला काय करावं ते सुचेना. रविवारी त्याने स्वयंपाकघरातला टपटपणारा नळ दुरुस्त केला. सोमवारी मी गेले तर तो पुन्हा टपटपत होता, आणि मामा समोर स्टूल टाकून बसला होता. "मी दुरुस्त केला होता," तो म्हणाला. "मग वाटलं, ती आल्यावर तिला घर ओळखू नाही आलं तर? म्हणून सैल केला. पण आता वाटतंय, हे काय केलं मी?"

बुधवारी तो दुपारीच धक्क्यावर गेला. बोट आली नाही. वारा सुटला होता, लाटा धक्क्यावर फुटत होत्या. खिडकीतल्या बाईने तक्त्यावर पांढरा कागद चिकटवला होता, 'बोट बंद', आणि ही फेरी वारा पडेल त्या दिवशी होईल म्हणाली. मामाने लॉजला फोन लावला तर तारच गेलेली, नुसती खरखर. तो संध्याकाळच्या बसने परत आला आणि गुरुवारी सकाळी पुन्हा गेला. पुन्हा कागद. खिडकीतल्या बाईने त्याला आत बसायला खुर्ची दिली.

"कोण आहे तिकडे?" तिने विचारलं.

"आमची मिसेस."

"एकट्याच?"

"हो."

"भांडण झालंय?"

"नाही."

"मग?"

"मला माहीत नाही," मामा म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

त्या बाईने म्हणे बराच विचार केला आणि सांगितलं, की वारा उद्यापर्यंत पडेल.

शुक्रवारी बोट आली. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याच्याबरोबर गेले होते, म्हणून पुढचं मी पाहिलंय. मामी शिडी चढून वर आली. नाक उन्हाने सोललेलं, केस खारट वाऱ्याने ताठ झालेले, आणि त्यांतला तो हेडफोनचा वळ कुठे गेला होता कोण जाणे. मामा पुढे झाला आणि मध्येच थांबला, जवळ जावं की नको अशा विचारात. तिनेच बॅग त्याच्या हातात दिली.

"बुधवारपासून येताय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तोंड बघितलं की कळतं."

बसमध्ये ती दोघं माझ्या पुढच्या सीटवर बसली. मामाने बराच वेळ धीर धरला. मग विचारलं, "काय केलंस तिकडे?"

"पहिला दिवस झोपले. दुसऱ्या दिवशी खूप रडले. मग खेकडे बघत होते. वाळूत भोकं करतात, गोळ्या करून बाहेर टाकतात. भरती आली की सगळं सपाट, की पुन्हा सुरू."

"रडलीस का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही हो. वाईट नव्हतं वाटत. रडू येत होतं, म्हणून रडले."

मामाने माझ्याकडे मागे वळून बघितलं. मी खांदे उडवले.

"आणि वारा सुटल्यावर?" त्याने विचारलं. "घाबरलीस?"

"लॉजवाली आणि मी खिडक्यांना फळ्या ठोकल्या. मग पत्ते खेळलो. ती फार लबाडी करते." मामी हसली. "मला वाटलं होतं, दोन दिवस जास्त मिळाले, बरं झालं. पण गुरुवारी सकाळी जाग आली आणि वाटलं, आता घरी जावं. आणि बोटच नाही. मग फार राग आला."

"कोणाचा?"

"ते पण कळलं नाही."

मी बाजाराच्या स्टॉपवर उतरले, माझं घर आधी येतं. उतरताना बघितलं तर मामीची मान मामाच्या खांद्यावर कललेली, तिला गाढ झोप लागलेली, आणि मामा पाठ ताठ करून बसलेला, श्वाससुद्धा मोजून घेत. त्याने डोळ्यांनीच मला जा म्हटलं.

तासाभराने माझा फोन वाजला. उजेड अजून होता, मी बाल्कनीतले कपडे काढत होते.

"आम्ही डेपोत आहोत," मामा म्हणाला.

"कुठल्या डेपोत?"

"बसच्या. शहराच्या पार टोकाला. ती उठेना, म्हणजे मीच उठवलं नाही. आपला स्टॉप गेला, मग पुढचा गेला, मग सगळेच गेले. आता कंडक्टर म्हणतोय, गाडी धुवायची आहे, उतरा."

मागून मामीच्या हसण्याचा आवाज येत होता. इतकं हसत होती, की तिला उचकी लागली होती.

"ती का हसतेय?" मी विचारलं.

"मला काय माहीत," मामा म्हणाला. "तू एक रिक्षा पाठवतेस का?"